प्रवरेचे पाणी, डांगाणाची पोरे

१० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी भंडारदरा धरणाचे उद्‌घाटन केले. काम १९१० साली सुरू झाले होते. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा शेंडी गावाजवळ अडवली गेली आणि ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी साठेल एवढा जलाशय तयार झाला. हे पाणी डोंगरातल्या शेतीसाठी अडवलेले नव्हते. नदीपात्रातून ते ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत उतरायचे आणि तिथून डाव्या-उजव्या पाटांनी संगमनेर, राहुरी, नेवासे आणि आजच्या श्रीरामपूर तालुक्यात पसरायचे. दर काही वर्षांनी दुष्काळाने माणसे देशोधडीला लागत तो हा पट्टा. पाट आला आणि तिथे ऊस उभा राहिला, उसामागून साखर आली, आणि साखरेमागून शाळा-कॉलेजे.

वरच्या अंगाला, धरणाच्या पोटात, महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची भातखाचरे बुडाली. या भागाला डांगाण म्हणतात. घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात बायका पिण्याच्या पाण्यासाठी डोंगर उतरतात. धरणाने खालच्या तालुक्यांचे काय भले केले यावर भरपूर लिहिले गेले आहे, आणि ते भले खरेच आहे. वरच्या माणसांच्या पदरात काय पडले याची जुळवाजुळव मात्र तुकड्या-तुकड्यांतून करावी लागते. मला ती शिक्षणाच्या अंगाने करायची आहे. या जिल्ह्यात उच्च शिक्षणाची भरभराट पाटाच्या पाण्यावर झाली आणि त्या पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्या मुलांपर्यंत कॉलेज पोचायला सहा-सात दशके लागली, हे एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. जुन्या काळाबद्दल बोलताना मी नगरच म्हणेन. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ८ टक्के, पण डांगाण ज्यात येते त्या अकोले तालुक्यात जवळजवळ निम्मे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावे गिर्यारोहकांना पाठ असतात. बारी, पाचनई, साम्रद, उडदावणे ही गावे त्यांच्या पायथ्याची, आणि हा लेख त्या गावांविषयी आहे.

या लोकांविषयी पहिले सविस्तर लेखन झाले ते १८३०च्या दशकात. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश हा कंपनीचा अधिकारी नगरच्या पोलीस दलात होता. महादेव कोळ्यांची कुळे, देव, लग्ने, भांडणे, सगळे त्याने बारकाईने टिपले. बंडे मोडायची तर बंड करणाऱ्यांची माहिती हवी, हा त्यामागचा व्यवहार होता. म्हणजे डोंगरातल्या माणसांचा आधुनिक विद्येशी पहिला संबंध आला तो अभ्यासाचा विषय म्हणून. लिहिणारा तिसराच, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्यातले अक्षरही वाचता येत नव्हते.

अक्षर वाचता न येण्याची किंमत ते रोज मोजत होते. सावकाराच्या खतावर अंगठा उठवायचा, आत काय लिहिले आहे ते सावकार सांगेल तसे मानायचे, आणि दोन पावसाळ्यांनी खाचर त्याच्या नावावर गेलेले पाहायचे. देवगावचा राघोजी भांगरे याच रागातून उठला. त्याचा बाप रामजी सरकारी पोलिसात जमादार राहिलेला, म्हणजे राज्य कसे चालते हे घराने जवळून पाहिलेले. १८४४-४५मध्ये राघोजीच्या बंडाने नगर-नाशिक-पुण्याच्या डोंगरपट्ट्यातले सावकार हादरले. १८४८च्या जानेवारीत तो पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. पुढे १८७३नंतर होन्या केंगले याने तीच लढाई पुन्हा केली, आणि १८७५मध्ये तर पुणे-नगरच्या सपाटीवरच्या कुणब्यांनीही सावकारांची खते जाळली. लोक कागदावर तुटून पडत होते, कारण तो कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि न्यायालय तोच खरा मानत होते.

राघोजीला फाशी झाली त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्याआधी त्यांनी नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंनी पुढे फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. आधुनिक महाराष्ट्राच्या शिक्षणाचा एक झरा नगर शहरात फुटला, याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. मिशनने वडाळ्यासारख्या गावांत महार-मांगांच्या मुलांना अक्षरओळख दिली, ज्यांना गावातल्या शाळेची पायरीही चढू दिली जात नव्हती. पण हे काम मुख्यतः सपाटीवरच राहिले. डांगाणात जायला धड वाट नव्हती आणि वाट करावी असे कुणाला वाटत नव्हते.

मग १८८२ साल आले. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन ठेवले. हा दस्तऐवज मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण उच्च शिक्षणावरच्या खर्चाचा आज चाललेला वाद त्यात पुरता मांडलेला आहे. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा मोठा वाटा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. वरचे शिकले की त्यांच्याकडून विद्या खाली झिरपेल असे सरकार धरून चालले होते. शिकलेल्यांपैकी किती जण खालच्यांना शिकवायला गेले, असा फुल्यांचा रोकडा सवाल होता. बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. कॉलेजे बंद करा असे ते म्हणत नव्हते. ज्यांच्या पैशावर कॉलेज चालते त्यांना त्याचा जाब मागायचा अधिकार आहे, हे त्यांचे म्हणणे होते.

हंटर आयोगाने आपल्या अहवालात आदिवासींना विशेष लक्ष द्यावे अशा वर्गांत घातले. त्या यादीत संस्थानिकांची मुलेही होती. राजपुत्रांसाठी स्वतंत्र कॉलेजे निघाली. डोंगरातल्या मुलांच्या वाट्याला अहवालातला परिच्छेद आला.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे डांगाणाच्या शिक्षणाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. १९२८मध्ये मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा दोघेही तिचे सदस्य होते. १९३०च्या अहवालात तिने दलित आणि आदिवासी मुलांसाठी वसतिगृहे व शिष्यवृत्त्या सुचवल्या, आणि मागासवर्गीयांसाठी सरकारात स्वतंत्र खाते उभे राहिले. वसतिगृहाची कल्पना महत्त्वाची होती. डोंगरात पाडे विखुरलेले, प्रत्येक पाड्यावर शाळा शक्य नाही, मग मुलाला शाळेजवळ आणून ठेवायचे. ठक्कर बाप्पांनी १९२२मध्ये दाहोदला भील सेवा मंडळ काढून हेच केले होते. ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला याच्या उलट वाट धरली. मूल गुरांमागे कुरणात जात असेल तर शाळेनेच कुरणात जावे, म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. महाराष्ट्राने पुढे सरकारी पातळीवर उचलली ती पहिली वाट. दुसरीचे कौतुक पुष्कळ झाले, अनुकरण फारसे कुणी केले नाही.

अकोल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. १९३५च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यातले काही आदिवासी तालुके ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरले. डहाणू, मोखाडा, पेठ, कळवण, नवापूर, अक्राणी ही नावे त्या यादीत होती. अकोले नव्हते. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने या क्षेत्रांची पाहणी करून जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्याच्या कक्षेतूनही अकोले सुटले. नगर म्हणजे सपाटीचा, दुष्काळाचा आणि पाटाचा जिल्हा अशी ओळख पक्की झालेली. त्याच्या पश्चिम टोकाला आदिवासींचा डोंगर आहे याची दखल घेतली गेली नाही. अकोले तालुक्यातली गावे अनुसूचित क्षेत्रात आली ती थेट १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने.

आता कॉलेजांकडे येतो. १९४७च्या जूनमध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले, जिल्ह्यातले पहिले. देश स्वतंत्र होण्याला दोन महिने बाकी होते आणि पुणे विद्यापीठही अजून निघायचे होते. खेड्यातल्या मुलासाठी त्याच्याच जिल्ह्यात कॉलेज हवे, त्याला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये, ही हिवाळ्यांची तळमळ. साठच्या दशकात याच कॉलेजातून ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले आणि पुढे तिथे समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. कॉलेज आपल्या भिंतींबाहेरच्या माणसांचे काही देणे लागते असे मानणाऱ्यांची ही पिढी होती. तरीही डांगाणातल्या राजूरच्या एखाद्या मुलाने त्या काळी मॅट्रिक गाठलीच, तर नगर त्याच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे होते.

मग कॉलेज हळूहळू नदीच्या वरच्या अंगाला सरकू लागले. १९६०मध्ये रयत शिक्षण संस्थेने श्रीरामपूरला कॉलेज काढले, त्याला रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव. बोरावके सासवडकडचे माळी. पाट आला तेव्हा पुणे जिल्ह्यातून येऊन ज्यांनी या काळ्या जमिनीत ऊस उभा केला त्या पिढीचे अग्रणी. १९६१मध्ये संगमनेरला कॉलेज निघाले. त्याच्या लांबलचक नावातच त्याचा जमाखर्च आहे: कला शाखेला नगरपालिकेचे नाव, वाणिज्यला मालपाणींचे, विज्ञानला सारडांचे. एक गाव, त्याची नगरपालिका आणि विडी-तंबाखूच्या धंद्यातली घराणी एकत्र येऊन कॉलेज काढतात, ही गोष्ट आज विनाअनुदानित संस्थांच्या काळात मुद्दाम आठवण्याजोगी आहे. अकोल्याच्या मुलांना संगमनेर एसटीने गाठता येत होते. डांगाणातून पदवीला गेलेल्या पहिल्या मुलांना हे कॉलेज आणि गावातली वसतिगृहे यांचा फार मोठा आधार मिळाला.

सत्तरच्या दशकात अकोल्याला अगस्ती महाविद्यालय आले. तिथल्या विज्ञान शाखेला दादासाहेब रूपवते यांचे नाव आहे. अकोल्याचे हे आंबेडकरी नेते, बहुजन शिक्षण संघ चालवणारे. दलित आणि आदिवासी मुलांची शाळा हा एकच प्रश्न आहे असे मानून काम करणाऱ्यांपैकी. आणि नव्वदच्या दशकात, अकोल्याच्याही वर वीस-बावीस किलोमीटरवर, राजूरला सत्यनिकेतन संस्थेचे ॲडव्होकेट एम. एन. देशमुख महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेने त्याआधी डांगाणातल्या गावांत सर्वोदय विद्यालये चालवली होती. माध्यमिक शाळा नसती तर कॉलेजात बसायला मुले कुठून येणार? म्हणून कॉलेजाच्या आधीची ती चिकाटीची वर्षे मला अधिक मोलाची वाटतात. धो-धो पावसात ओढे ओलांडून येणारी मुले, आवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा, आणि परगावाहून येऊन तिथेच आयुष्य काढणारे मास्तर, अशी ती माध्यमिक शाळा होती. शिकलेल्यांपैकी किती जण शिकवायला गेले, या फुल्यांच्या सवालाला या मास्तरांनी आपल्या जगण्याने उत्तर दिले.

भंडारदऱ्याचे पाणी १९२६मध्ये खाली उतरले. पदवीचे शिक्षण त्याच खोऱ्यात वर राजूरपर्यंत चढले ते नव्वदच्या दशकात.

या मधल्या काळात खाली काय झाले? लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१च्या हंगामात तिथे पहिले गाळप झाले. आशियातला पहिला यशस्वी सहकारी कारखाना म्हणून त्याचे नाव झाले. कारखान्यांभोवती शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, आणि उसाच्या बिलातून टनामागे कपात करून त्यांना पैसा दिला जाऊ लागला. प्रवरेची ग्रामीण शिक्षण संस्था १९६४ची. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना परवानगी दिली आणि लोणीला अभियांत्रिकी, मग १९८४मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खेड्यात मेडिकल कॉलेज ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती. तिथल्या रुग्णालयाने हजारो गरिबांवर उपचार केले आहेत, तेही नोंदवले पाहिजे.

पण टनामागची कपात ज्या उसावर होत होती, तो ऊस कोणत्या पाण्यावर पिकला? हा प्रश्न कुठल्या वार्षिक सभेत विचारला गेल्याचे माझ्या वाचनात नाही. शेतकऱ्याचा घाम त्या पैशात होता, सहकाराची बुद्धी होती, आणि रतनवाडी-मुरशेतच्या बुडालेल्या खाचरांवर साठलेले पाणीही होते. शेतकऱ्याचा वाटा सभासदत्वाने मोजला गेला. डोंगराचा वाटा मोजलाच गेला नाही.

अमेरिकेत ही गोष्ट अलीकडे मोजली गेली. १८६२च्या मॉरिल कायद्याने तिथल्या राज्यांना सरकारी जमिनी दिल्या, त्या विकून किंवा राखून शेतकी आणि तांत्रिक शिक्षणाची विद्यापीठे काढायची होती. लोकांच्या उपयोगाचे विद्यापीठ म्हणून जगभर या योजनेचे गोडवे गायले जातात. ‘हाय कंट्री न्यूज’ या नियतकालिकाने २०२०मध्ये जुने दप्तर एकेक तुकडा करून तपासले आणि दाखवून दिले की सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन अडीचशेच्या आसपास मूलनिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती आणि तिचा लाभ ५२ विद्यापीठांना झाला. तेव्हापासून तिथली काही विद्यापीठे त्या जमातींच्या मुलांना शुल्कात सूट देणे हे आपले देणे आहे, अशा भाषेत बोलू लागली आहेत.

ही दूरची गोष्ट नगरला फार जवळची आहे. भारतातली राज्य कृषी विद्यापीठे याच अमेरिकन विद्यापीठांच्या धर्तीवर निघाली, आणि १९६८मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्यांपैकी एक. त्याचे मुख्य ठाणे राहुरीला, मुळा नदीच्या खोऱ्यात. मुळेचा उगम हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, म्हणजे पुन्हा अकोल्याच्या डोंगरात. ज्या माणसाने रयतेच्या पैशावरच्या उच्च शिक्षणाचा जाब मागितला, त्याचेच नाव या विद्यापीठाला आहे. या विद्यापीठाने ऊस, बाजरी, ज्वारी, डाळिंबाच्या उत्तम जाती दिल्या. वरई, नागली आणि डोंगरउतारावरच्या भाताला इतकाच जीव लावला गेला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

विनाअनुदानित शिक्षणाचा काळ आला तेव्हा प्रश्न आणखी अवघड झाला. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. २००५च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. मग ९३वी घटनादुरुस्ती झाली, राज्याने २००६मध्ये कायदा केला, आणि खासगी व्यावसायिक कॉलेजे आरक्षणाखाली आली. अभिमत विद्यापीठांना मात्र राज्याचे हे आरक्षण लागू होत नाही, आणि लोणीची वैद्यकीय संस्था २००३पासून अभिमत विद्यापीठ आहे. कायद्याने हे सगळे बिनचूक आहे. प्रवरेच्या काठावरच्या वैद्यकीय जागांवर प्रवरेच्या उगमावरच्या मुलीचा हक्काचा वाटा नाही, हाही त्याच कायद्याचा परिणाम आहे.

जिथे जागा होत्या तिथे आणखी एक गोष्ट आड आली. महादेव कोळी ही अनुसूचित जमात, पण कोळी नावाच्या इतर जाती किनाऱ्यावर आणि देशावर पुष्कळ. १९७६च्या कायद्याने जमातींवरचे क्षेत्रबंधन उठले. ते न्याय्य होते, कारण डोंगर सोडून पोटासाठी शहरात गेलेल्याची जमात बदलत नाही. पण त्या दाराने ज्यांचा डांगाणाशी संबंध नव्हता असेही अनेक जण ‘महादेव कोळी’ असा दाखला घेऊन मेडिकलला आणि नोकरीत शिरले. सप्टेंबर १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखले तपासण्याची जी पद्धत घालून दिली, ती अशाच वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात. वडिलांच्या शाळेच्या जुन्या नोंदीत ‘हिंदू कोळी’ आणि मुलींच्या दाखल्यावर ‘महादेव कोळी’, असा तो प्रकार होता. २०१७मध्ये न्यायालयाने आणखी कठोर होऊन सांगितले की खोट्या दाखल्यावरची पदवी आणि नोकरी टिकणार नाही. निकाल योग्यच होते. पण त्यातून तयार झालेल्या ‘व्हॅलिडिटी’च्या चक्रात खरा आदिवासी विद्यार्थी भरडला गेला. आजोबांच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात. आजोबा शाळेत गेले असते तर हा सगळा इतिहास वेगळा झाला असता. ठाकर जमातीच्या बाबतीत चालीरीतींच्या प्रश्नावलीवरून जमात ठरवण्याचा अतिरेक इतका झाला की २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले, ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही.

या गुंत्यात डोंगरातल्याच एका माणसाचे काम आठवते. डॉ. गोविंद गारे हे जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे, हरिश्चंद्रगडाच्या पलीकडच्या अंगाचे, स्वतः महादेव कोळी. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले आणि आपल्या समाजावर आणि महाराष्ट्रातल्या इतर जमातींवर त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले. मॅकिन्टॉशने नगरच्या पोलीस दलातून जे लिहिले, गो. स. घुर्ये यांनी १९५७च्या ग्रंथात मुंबई विद्यापीठातून जे मांडले, त्याच विषयावर आता घरातला माणूस बोलत होता. उच्च शिक्षण एखाद्या समाजाला काय देऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

गाऱ्यांसारखे आणखी शेकडो का झाले नाहीत, याचे उत्तर आश्रमशाळेत शोधावे लागते. महाराष्ट्राने १९७२-७३पासून सरकारी आश्रमशाळांचे जाळे विणले. आज सरकारी पाचशेच्या आसपास आणि तेवढ्याच अनुदानित आहेत. १९७१मध्ये राज्यातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता १२ टक्क्यांच्या घरात होती, २०११मध्ये ती ६५.७ टक्के झाली. आश्रमशाळा नसत्या तर हे झाले नसते. १९९३च्या सुमारास सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार राज्याच्या योजनाखर्चात आदिवासींचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विकास खाते राजूरच्याच मधुकर पिचड यांच्याकडे होते. राजूरला प्रकल्प कार्यालय आहे, वसतिगृहे आहेत, पैसाही येतो. आणि तरीही २०१६मध्ये डॉ. सुभाष साळुंखे समितीने नोंदवले की पंधरा वर्षांत राज्यातल्या आश्रमशाळांत हजाराहून अधिक मुले मरण पावली. साप, ताप, बुडणे, वेळेवर न मिळालेला डॉक्टर. ही मुले आईबापांनी सरकारच्या भरवशावर सोडली होती. ज्या खात्यात हे घडले त्याने प्रत्येक मृत्यूचे उत्तर द्यायला हवे होते.

जी मुले तगून बारावीला पोचतात त्यांचे पुढे काय होते? उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के, अनुसूचित जमातींचे २१.२. अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. पण नावनोंदणीत हे दिसत नाही की डोंगराळ कॉलेजातला विद्यार्थी बहुतेक वेळा कला शाखेत असतो, कारण विज्ञानाचा पाया आश्रमशाळेत शिक्षकाविना कच्चा राहिलेला असतो. डांगाणात वैद्य, जंगल, बियाणे, पाणी यांची माहिती घराघरांत आहे. वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला याहून मोठे भांडवल कोणते हवे? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरच्या वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावरान जाती जपल्या, बायफ संस्थेच्या साथीने बीजबँक उभी केली, आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कृषीचे पदवीधर आज त्यांच्या अंगणात शिकायला जातात. राहीबाई महादेव कोळी आहेत, आणि त्यांच्या पिढीतल्या बहुसंख्य बायकांप्रमाणे त्यांनाही कुणी पाटी दिली नाही.

डोंगरातली मुले आता मागायला शिकली आहेत. २०१८मध्ये आदिवासी विकास खात्याने मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यावर जमा करायचे ठरवले. पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत आणि आले तर घरची नड आधी भागते, असे मुलांचे म्हणणे होते. जुलैमध्ये पुण्याच्या वसतिगृहांतली मुले-मुली नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली. पुणे-नाशिक महामार्गाने हा मोर्चा भर पावसात चालला आणि पोलिसांनी तो वाटेत अडवला. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतली ही मुले जेवणाच्या ताटासाठी चालत होती. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच होती.

आणि एप्रिल २०२३मध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीकडे निघाला. तेव्हाचे महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील लोणीचे, म्हणून मोर्चाचे ठिकाण लोणी. हजारो आदिवासी स्त्री-पुरुष प्रवरेच्या काठाकाठाने उन्हात खाली उतरले. वनजमिनीचे दावे मंजूर करा, हिरड्याची सरकारी खरेदी सुरू करा, दुधाला भाव द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हिरडा हे डांगाणातले हंगामी रोख उत्पन्न. जूनमध्ये पोराचे कॉलेजचे शुल्क, खोलीचे भाडे आणि एसटीचा पास त्याच पैशातून निघतो. मोर्चा लोणीला पोचायच्या आत, संगमनेर तालुक्यातल्या धांदरफळला, मंत्री येऊन भेटले. त्यांत विखे पाटील होते आणि आदिवासी विकासमंत्री विजयकुमार गावितही होते. बोलणी झाली आणि लोक अकोल्याला परतले. पुढच्याच महिन्यात, ३१ मे २०२३ला, प्रवरेवरच्या दुसऱ्या धरणाचे, निळवंड्याचे, पाणी कालव्यात सोडले गेले. हे धरणही अकोले तालुक्यातच आहे.